खडूची केबिन

नदीवरच्या जहाजातून आठवडाभर फिरायला जायचं की नाही, हा प्रश्न घसारेसाहेबांच्या घरात ज्या सकाळी आला त्याच सकाळी तो मिटवता आला असता. बायकोने चहाचा कप पुढे ठेवला, कपाशेजारी प्रवासी कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक ठेवलं आणि विचारलं, "जाऊ या का?" यावर "जाऊ" म्हणायला दोनच अक्षरं लागतात. घसारेसाहेबांनीही दोनच अक्षरं खर्च केली, पण वेगळी. ते म्हणाले, "बघू."

"बघू" हा फार सोयीचा शब्द आहे. तो होकार नाही, नकारही नाही. दार अर्धवट लोटून ठेवण्याचा प्रकार आहे. बाहेरच्याला वाटतं दार उघडं आहे, आतल्याला वाटतं आपण ते लावून घेतलंय. मुलीचं गिटार, मोठा फ्रीज, बाल्कनीला काचा, अशा कितीतरी गोष्टी या घरात "बघू" म्हणून ठेवल्या गेल्या होत्या आणि ठेवल्या जागीच वाळून गेल्या होत्या. पण या खेपेला बायको रिकामा कप घेऊन आत गेली नाही. ती समोरच्या खुर्चीत बसली. लक्षण बरं नव्हतं, कारण ती सहसा बसतच नसे.

घसारे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करत. कोणाचं दुकान जळो, कोणाच्या गोदामात पाणी शिरो, कोणाची गाडी खांबाला भेटो. हे मोजपट्टी, टॉर्च आणि चेहऱ्यावर मापात बसणारी हळहळ घेऊन हजर. समोरचा रडत सांगे की यंत्र अगदी नवंकोरं होतं हो. हे मान हलवत, "अरेरे" म्हणत, आणि मग घसारा वजा करत. वस्तू वापरून तिची जी किंमत उतरते तो घसारा, आणि त्यांच्या मते घसारा लागत नाही अशी वस्तू या जगात जन्मायची होती. एका फोटोग्राफरच्या जळालेल्या स्टुडिओतल्या, पडद्यावर रंगवलेल्या सूर्यास्तालासुद्धा त्यांनी तो लावला होता. तेव्हापासून ऑफिसात ते घसारेसाहेब झाले. नंतर नंतर तर या नावाने लग्नाच्या पत्रिका येऊ लागल्या आणि ते जाऊन जेवूनही येऊ लागले, म्हणजे वादच संपला.

बायको प्रसूतिगृहातली नर्स. नुकतीच निवृत्त झाली होती. तिचं सगळं आयुष्य उभ्याने गेलेलं. डॉक्टर बसायचे, पेशंट झोपायचे, नातेवाईक बाकावर कलंडायचे. उभी राहायची ती नर्स. घरी यायची तीही उभीच, कारण ओटा उंचीला उभ्या माणसाच्या बेताने बांधलेला असतो.

"मला डोंगर चढायचा नाही," ती म्हणाली. "राजवाडे बघत उन्हातान्हात हिंडायचं नाही. मला बसायचंय. मी खुर्चीत बसणार आणि गावं माझ्यासमोरून जाणार. आजवर मीच सगळ्यांसमोरून धावले."

हे ऐकून कोणीही नवरा विरघळला असता. घसारेसाहेबही विरघळले. विरघळल्यावर त्यांना माहिती गोळा करावीशी वाटू लागली. अशी ही माणसाची घडण असते. कोणी मनातलं बोललं की एकाला मिठी मारावीशी वाटते, दुसऱ्याला चौकशी करावीशी वाटते.

प्रवासी कंपनीच्या ऑफिसात थंडगार हवा होती आणि काउंटरमागे एक हसरी मुलगी होती. घसारेसाहेबांनी तिचं हसू फार वेळ टिकू दिलं नाही. जहाज कोणत्या साली बांधलं, इंजिन मूळचंच आहे की बदललेलं, नदीला पाणी कमी असलं तर काय, पाणी जास्त असलं तर काय, आणि मधेच कंटाळा आला तर उरलेल्या दिवसांचे पैसे कसे परत मिळतात, हे त्यांनी क्रमाने विचारलं. शेवटी जहाजाच्या सध्याच्या बाजारभावाची गोष्ट निघाली तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काका, जहाज आहे ते. जुना फ्रीज नाही."

यातला फ्रीज त्यांनी सोसला. "काका" मात्र जिव्हारी लागलं. आत शिरताना ते "सर" होते.

तरी दोन गोष्टी कळल्या. पहिली, माहितीपत्रकावरच्या किमतीपुढे बारीक अक्षरात "पासून" असं छापलेलं होतं. कुठपासून ते छापलेलं होतं. कुठपर्यंत, ते कोणाला माहीत नव्हतं. दुसरी, त्या "पासून"मध्ये मिळणारी केबिन सगळ्यात खालच्या मजल्यावर होती. तिची खिडकी पाण्याच्या इतकी जवळ, की गावं बघायची तर माशांच्या नजरेने बघावी लागणार. वरच्या मजल्यावर बाल्कनी होती, खुर्च्या होत्या, आणि किंमत अशी होती की तेवढ्यात जमिनीवर कायमची एक खोली झाली असती. मधला मजला मध्यमवर्गासाठी होता. त्याचं भाडं माणशी होतं, म्हणजे तो त्यांना एकट्याला दोनदा महाग वाटला.

मग शेजाऱ्यांचा सल्ला. तो विचारावा लागत नाही. इमारतीत सल्ला पाण्यासारखा वरून खाली येतो. वरच्या मजल्यावर कॅप्टन राहत. त्यांचा समुद्राशी, नदीशी किंवा साध्या पोहण्याच्या तलावाशीही संबंध नव्हता. ते बँकेच्या कॅरम संघाचे कॅप्टन होते. पण पांढरी टोपी घालायचे आणि बोलायचे असे, की ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन थोडी डुलायची. ते म्हणाले, नदी फसवी. समुद्रावर माणूस लाटांशी भांडतो, नदीवर लाटाच नाहीत, मग भांडणार कोणाशी? बायकोशी. त्यांच्या ओळखीचं एक जोडपं असंच हसत खेळत चढलं आणि वेगवेगळ्या धक्क्यांवर उतरलं.

समोरच्या फ्लॅटमधल्या दंतवैद्यबाई खरोखरच जाऊन आल्या होत्या. त्यांनी घसारेसाहेबांना सोफ्यावर बसवून मोबाइलमधले सगळे फोटो दाखवले. निम्म्या फोटोंत जेवणाची टेबलं होती आणि निम्म्यांत त्यांच्या यजमानांची पाठ. नदी एकाच फोटोत होती, तीही ग्लासाच्या मागे. पैसे वसूल झाले का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, अप्रतिम. घसारेसाहेबांनी मनातल्या मनात हा जबाब बाद केला. एवढे पैसे घालवून आलेला माणूस दुसरं काय सांगणार? ज्याचं नुकसान झालं त्याचा शब्द पुरावा म्हणून धरायचा नाही, हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व होतं.

एव्हाना इमारतीत दोन पक्ष पडले होते. गुडघे शाबूत आहेत तोवर जाऊन या, म्हणणारे एक. आणि त्या पैशात स्वयंपाकघर नवं करून घ्या, म्हणणारे दुसरे. दुसऱ्या पक्षातल्या एकाने तर फरशांचे नमुने आणून दिले. बायकोने ते मुकाट्याने बाल्कनीत कुंड्यांखाली ठेवले. तिने पुन्हा विषय काढला नाही. फक्त माहितीपत्रक फ्रीजवर चुंबकाने लावलं, आणि पाणी प्यायला जाणाऱ्या घसारेसाहेबांना जहाज दिवसातून कितीतरी वेळा दिसू लागलं.

रजेचं प्रकरण वेगळंच. रजा विभागातल्या बाई म्हणाल्या, तिकीट दाखवा म्हणजे रजा देते. प्रवासी कंपनी म्हणे, एकदा भरलेले पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा रजा नक्की करून या. घसारेसाहेब या दोन टोकांमध्ये काही दिवस चेंडूसारखे उड्या मारत राहिले. मग त्यांनी अर्जात नुसतंच "नदीवरील वास्तव्यासाठी" असं कारण लिहिलं. मोठ्या साहेबांना वाटलं, पुराच्या भागात पाहणीला निघालेत. त्यांनी घसारेसाहेबांना बोलावून पाठ थोपटली आणि रजाच काय, प्रवासभत्ताही देऊ केला. इथे दुसरा कोणी गप्प बसला असता. घसारेसाहेबांनी खरं काय ते सांगितलं. प्रवासभत्ता गेला, शाबासकी गेली. रजा राहिली, पण तिच्यावर शेरा पडला की तारखांत कोणत्याही कारणास्तव बदल होणार नाही. प्रामाणिकपणालाही घसारा असतो, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

एवढं झाल्यावर तरी पैसे भरायला हवे होते. रजा होती, पैसे होते, भरायची मुदत सोमवारपर्यंत होती आणि मधल्या मजल्यावरची एक केबिन त्या मुलीने "काका, फक्त तुमच्यासाठी" म्हणून राखून ठेवली होती. पण शनिवारी संध्याकाळी घसारेसाहेबांच्या मनात आलं, की आपण जागेची पाहणी केलेली नाही. आयुष्यात त्यांनी जागेवर न जाता कुठल्याही कागदावर सही केली नव्हती. जहाज दूर होतं. केबिनची लांबीरुंदी मात्र माहितीपत्रकात छापलेली होती.

रविवारी सकाळी त्यांनी बैठकीच्या खोलीत खडूने केबिन आखायला घेतली.

काम सुबक झालं. बाथरूमचं दार, खिडकी, पलंग, सामान ठेवायची जागा, सगळं मापात. अडचण एवढीच, की केबिनच्या एका कोपऱ्यात घरातलं लोखंडी कपाट येत होतं. जहाजावर कपाट नाही, मग चाचणीत ते कसं चालेल? बायको म्हणाली, असू दे ना, आपण कल्पना करू. घसारेसाहेब म्हणाले, कल्पनेवर विमा उतरत नाही. त्यांनी कपाट सरकवायला घेतलं. ते सरकेना, म्हणून वरून कॅप्टनना बोलावलं. कॅप्टन आले, त्यांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली, बाह्या सावरल्या आणि बाजूला उभं राहून हुकूम द्यायला सुरुवात केली. डावीकडे घ्या. जरा उचला. आता तिरकं. कपाट तिरकं झालं आणि स्वयंपाकघराच्या दारात असं काही बसलं, की ना आत ना बाहेर. बायको स्वयंपाकघरात होती. ती पलीकडून शांतपणे म्हणाली, मी आत आहे बरं का.

ते ऐकून घसारेसाहेबांनी शेवटचा जोर लावला. कपाट सुटलं. त्याच क्षणी त्यांच्या कमरेतही काहीतरी सुटलं, आणि ते हळूहळू, अदबीने, जमिनीवर उतरले. कुठे पडावं हे माणसाच्या हाती नसतं. ते नेमके खडूच्या पलंगावर पडले.

तपासायला डॉक्टर घरी आले. त्यांनी पाय उचलून पाहिले, घसारेसाहेबांची किंकाळी ऐकली आणि सांगितलं, यांना हलवू नका. गादी नको, खाट नको, कडक जमीन उत्तम. आहेत तिथेच राहू द्या. किती दिवस, असं विचारल्यावर ते म्हणाले, कंबर सांगेल. जाताना खडूच्या रेघा पाहून त्यांनी बायकोला एका बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, पोलीस येऊन गेले का?

सोमवार उजाडला तेव्हा घसारेसाहेब केबिनमध्ये आडवे होते आणि बायको उभी होती. औषध आणायला उभी, गरम पाण्याची पिशवी बदलायला उभी, भांडं द्यायला आणि न्यायला उभी. तिच्या चालीत वॉर्डातली जुनी लगबग परत आली होती. ते छताकडे पाहत म्हणाले, "झालं तर मग. हा विषय संपला आता." आवाजात दुःख होतं आणि ते खोटं नव्हतं. पण दुःखाच्या खाली, अगदी तळाशी, कुठेतरी थोडी सुटका होती. बायकोने आयुष्यभर बायकांचे चेहरे वाचून त्यांना कळा कधी सुरू होणार ते सांगितलं होतं. तिला हे वाचायला कितीसा वेळ लागणार?

तिने पिशवी घेतली आणि बाहेर गेली. परत आली तेव्हा चपला काढता काढताच म्हणाली, "मी पैसे भरून आले. माझे आणि आमच्या मेट्रनबाईंचे. त्यांचं कोणी नाही आता, त्या लगेच हो म्हणाल्या."

घसारेसाहेबांनी उठायचा प्रयत्न केला. कमरेने नकार दिला.

"आणि मी?"

"तुम्ही पंधरा दिवसांत बरे झालात तर तुमच्यासाठीही बघू," ती म्हणाली. मग तिला स्वतःलाच वाईट वाटलं असावं, कारण ती खाली त्यांच्याजवळ बसली. "अहो, मी रागावले नाही. पण आता मी थांबले ना, तर पुन्हा नाही उठायची. मला माहितीये माझं."

कंबर पंधरा दिवसांत बरी झाली नाही. रजा मात्र ठरल्या दिवशी सुरू झाली. त्या दिवसांसाठीही आजारपणाचीच रजा मिळते का, याची चौकशी त्यांनी पडल्या पडल्या फोनवरून केली. विभागातल्या बाईंनी शेरा वाचून दाखवला. तेव्हा ज्या तारखांना मधल्या मजल्यावरच्या केबिनमधून नदी बघायची, त्या तारखांना घसारेसाहेब तितक्याच लांबीरुंदीच्या केबिनमधून सोफ्याची खालची बाजू बघत होते. सोफ्याच्या खाली त्यांना हरवलेलं पेन, एक मोजा आणि मुलीच्या लहानपणीचा पत्त्यांतला जोकर दिसत होता. हात पोहोचत नव्हता.

बायको निघाली त्या सकाळी मेट्रनबाई खाली टॅक्सीत बसून होत्या. बायकोने औषधांची वेळ समजावली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला, त्यांच्या डोक्याखालची घडी सारखी केली. दारातून एकदा वळून पाहिलं. घसारेसाहेबांना काहीतरी बोलायचं होतं. ते म्हणाले, गॅस बंद केलास ना? ती हो म्हणाली आणि गेली.

मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, म्हणून देखभालीला कॅप्टन आले. माणूस मनाने चांगला, हे नाकारता येणार नाही. पण चांगुलपणा अंगावर यायला लागला की त्याच्यापासून बचाव नसतो. ते खडूच्या दाराशी येऊन थांबत आणि विचारत, आत येऊ का? रेघ पुसली तर पुन्हा ओढून देत. सूप करत, ते एका हाताने भरवत आणि दुसऱ्या हाताने आपल्या ओळखीच्या सगळ्या कंबरदुख्यांचे हाल सांगत. त्यांतला एकही बरा झालेला नव्हता.

संध्याकाळी बायकोचा फोन येई. पहिल्या दिवशी ती औषधांबद्दल बोलली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनी हात केला, आम्हीही केला. तिसऱ्या दिवशी औषधाचं विसरलीच. एका वळणावर सगळं शेत पिवळं होतं म्हणे, आणि मेट्रनबाई, ज्यांना वॉर्डात कोणी हसताना पाहिलं नव्हतं, त्या गाणं म्हणत होत्या. बोलताना तिचा आवाज सैल झाला होता. इतक्या वर्षांत घसारेसाहेबांनी हा आवाज ऐकला नव्हता. किंवा ऐकला असेल कधीकाळी, आणि त्याचंही "बघू" झालं असेल. आयुष्यभर त्यांनी वापरलेल्या वस्तूंची किंमत कमी केली होती. न वापरलेल्या वस्तूंचं काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ते भिंतीला धरून उभे राहिले. कंबर दुखली, पण तुटली नाही. त्यांनी कंबरदुखीचा पट्टा मागवला, शर्टावरूनच करकचून बांधला आणि कॅप्टनना सांगितलं, जहाज उद्या दुपारी एका गावाच्या धक्क्याला लागणार आहे. अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे. मला तिला भेटायचंय. कॅप्टननी प्रश्न विचारला नाही. हे त्यांच्या स्वभावाला इतकं सोडून होतं, की घसारेसाहेबांना गहिवरून आलं.

कॅप्टनची गाडी जुनी. घसारेसाहेबांना मागच्या सीटवर आडवं घातलं आणि डोळ्यांवर ऊन येतं म्हणून कॅप्टननी स्वतःची पांढरी टोपी त्यांना घातली. वाटेत घसारेसाहेब एक वाक्य घोकत होते. माझा अंदाज चुकला. एवढंच. कामाच्या सगळ्या वर्षांत हे वाक्य त्यांनी कोणालाही म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते तोंडात नवीन चपलेसारखं लागत होतं. ते मोठ्याने म्हणून पाहिलं तेव्हा कॅप्टन म्हणाले, नाही नाही, मी बरोबर रस्त्याने चाललोय.

बरोबर नव्हते. गाडी नदीच्या अलीकडे एका मळ्याच्या कडेला चिखलात रुतली. मळ्यापलीकडे झाडांच्या वर धक्क्याचा खांब दिसत होता. कॅप्टन दगड शोधायला लागले आणि घसारेसाहेब पट्टा सावरत, पावलापावलाला आई आठवत, एकटेच निघाले. बांध, काटेरी कुंपण, मग उतार. उतार त्यांनी बसून पार केला. धक्क्यावर कोणी नव्हतं. दोर गुंडाळत बसलेला एक म्हातारा तेवढा होता. त्याने सांगितलं, पाणी उतरलंय, जहाज आज लागणार नाही, नुसतं जाणार. पलीकडच्या काठाने.

आणि ते आलंच. पांढरं, संथ, माहितीपत्रकातल्यासारखं. घसारेसाहेबांना वरच्या डेकवर खुर्च्यांची रांग दिसली. रांगेत मधोमध त्यांची बायको होती. पाय समोरच्या स्टुलावर, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात कधीही न पाहिलेला फुलाफुलांचा रुमाल. ती बसली होती. ज्या माणसाला कुठेही जायचं नसतं तो जसा बसतो, तशी.

घसारेसाहेबांनी हाक मारली. इंजिनाने ती खाल्ली. त्यांनी दोन्ही हात वर केले, कमरेत कळ गेली, तरी हलवले. टोपी काढून हलवली. धक्क्यावरून जितकं पुढे जाता येतं तितकं पुढे गेले. डेकवर कोणाचं तरी लक्ष गेलं. मग सगळीच मंडळी कठड्याशी येऊन हात हलवू लागली. बायकोही उठली. तिने हात उंच केला आणि हसत, लहान मुलीसारखा, तळवा फिरवत हलवला. असा हात तिने घसारेसाहेबांना कधी केला नव्हता.

तिने त्यांना ओळखलं नव्हतं.

ओळखणार तरी कसं? दाढी वाढलेली, शर्टावर पट्टा, हातात दुसऱ्याची टोपी, आणि मुख्य म्हणजे तिचा नवरा तर घरी खडूच्या रेघांत पडलेला. जहाज वळणापर्यंत गेलं. तिने वळून दोनदा हात केला. घसारेसाहेबांनीही केला. मग नदीत फक्त नदी उरली.

चिखलातून कशीबशी निघालेल्या गाडीत, परतीच्या वाटेवर ते मागच्या सीटवर आडवे असताना फोन वाजला. कॅप्टननी आरशातून पाहिलं आणि गाडीतला रेडिओ बंद केला.

बायको म्हणाली, आजचा दिवस सगळ्यात छान गेला. गावात उतरता आलं नाही, पण काठावर एक माणूस उभा होता. "बिचारा किती वेळ हात हलवत होता. इतकं मनापासून कोणी आम्हाला हात केला नव्हता हो. आम्ही दिसेनासा होईपर्यंत बघत होतो."

"कोण होता?"

"कोण जाणे. मेट्रनबाई म्हणाल्या, ह्याची वाट बघणारं घरी कोणी नसेल बहुतेक."

घसारेसाहेबांनी जमवून ठेवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पण ते आत्ता म्हटलं असतं, तर त्या माणसाबद्दल तिला सगळं सांगावं लागलं असतं, आणि मग त्याला कोणीच पुन्हा आनंदाने हात केला नसता. बाहेर झाडं उलटी पळत होती; पडल्या पडल्या त्यांना फक्त शेंडे दिसत होते.

"असेल," ते म्हणाले. "तू हात केलास ना त्याला?"

"केला की. खूप केला. तुमचं कसं आहे? उठला बिठला नाहीत ना?"

"नाही," घसारेसाहेब म्हणाले. "पडूनच आहे."